गाय भरवायला शिकले, लासूर स्टेशनला जाऊन

“पोरी, आत जा.”

हे वाक्य मला अजून आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या आवाजातच ऐकू येतं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्या गोठ्यासमोर जनावरांच्या डॉक्टरची मोटरसायकल थांबली की हे वाक्य यायचंच. मग आई, मी, कुणी पाहुणी आलेली असली तर तीसुद्धा, अशा सगळ्या जणी घरात. दार लोटलेलं. बाहेर पुरुषांचं खाकरणं आणि गायीच्या खुरांचा आवाज. गाय भरवणं, म्हणजे तिला गाभण करवणं, ही बायकांनी बघायची गोष्ट नव्हती. पुढे त्याच गायीचं बाळंतपण मात्र आईच करायची. तेव्हा तिला कुणी आत जा म्हणत नसे.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. आबा करमाडच्या बाजूला शेतावर एकटे राहतात, मी शहरात, पुंडलिकनगरात. आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली गाय, हरणी, तेवढी आबांच्या सोबतीला आहे. ही हरणी गाभण राहीना. गाय तीन आठवड्यांनी माजावर येते आणि तो माज दिवसभरात ओसरतो. आमच्या डॉक्टरांकडे गावं इतकी की ते पोचेपर्यंत हरणी शांतपणे रवंथ करत असायची. तरीही ते रेतन करून जायचे, आणि तीन आठवड्यांनी हरणी उलटायची, म्हणजे पुन्हा माजावर यायची.

हे सगळं आबा मला फोनवर सांगायचे ते असं:

“हरणीला बरं नाय.”

“माजावर आली का?”

“पाऊसपाणी कसंय तिकडं?”

आम्ही दोघं एकाच जिल्ह्यात राहतो. पण लेकीच्या तोंडून तो शब्द ऐकला की आबांना हवामानच आठवतं.

गेल्या वेळी मात्र ते पुढे बोलले. “ह्यावेळंला राहिली तर राहिली. नाहीतर बाजार दाखवतो. लोक म्हणतात, भाकड जनावर कशाला सांभाळता.”

त्या दिवशी मी ठरवलं की हे काम आपणच शिकायचं. लासूर स्टेशनच्या पुढे एका खाजगी गोठ्यावर शिकवतात असं कळलं होतं. नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी मी तोंडानं आणि हातानं केलेलं वर्णन नीट ऐकून घेतलं, पुढ्यातली वांग्याची भाजी थोडी लांब सरकवली आणि म्हणाले, “जा तू. पण हे जेवण झाल्यावर सांगितलं असतंस तरी चाललं असतं.”

सकाळी मुकुंदवाडी स्टेशनवरून पॅसेंजर पकडली. तुम्हीही जाणार असाल तर मुकुंदवाडीलाच चढा, बसायला जागा मिळते. मोठ्या स्टेशनला गाडी भरून जाते. तिकीट चहा-भज्यांपेक्षा स्वस्त आहे. खिडकी डावीकडची की उजवीकडची असा विचार करू नका, दौलताबादचा किल्ला आपोआप दिसतो. पोटूळनंतर समोरच्या काकूंनी विचारलं, “कुठं चाललात?”

“लासूरला. ट्रेनिंग आहे.”

“शिवणकामाचं?”

मी हो म्हणाले. डब्यात भाकरी खाणारी माणसं होती आणि मी नवऱ्याच्या प्रसंगातून थोडं शिकले होते.

लासूरला उतरलं की मोंढ्याच्या बाजाराकडून कांद्याचा वास येतो आणि स्टेशनबाहेर मिरचीची भजी तळत असतात. भजी खा. शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, तेवढ्यात दोन प्लेट सहज होतात. पुढचा रस्ता रिक्षावाल्याच्या म्हणण्यानुसार “नवाच आहे”. तो कुठल्या अर्थानं नवा हे माझ्या कमरेला शेवटपर्यंत कळलं नाही.

गोठ्यावर शिकवायला एक निवृत्त पशुवैद्य होते, शेख सर. पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि मराठीत सुरू होऊन दखनीत संपणारी वाक्यं. शिकायला बाया आम्ही दोघीच. दुसरी सुनीता, गंगापूर तालुक्यातली. “जय भीम ताई,” म्हणत तिनं माझी बॅग ओढून खोलीत नेली आणि पाच मिनिटांत घरची सगळी हकीकत सांगितली. तिच्या सासूनं तिला पाठवलं होतं. “म्हणली, दोन म्हशी भरवायच्या राहिल्यात. शिकल्याबिगर तोंड दाखवू नको.”

मला त्या सासूचा हेवा वाटला.

पहिला धडा हातांचा. डावा हात खांद्यापर्यंत हातमोजा घालून गायीच्या मागून, शेणाच्या वाटेनं आत घालायचा आणि आतून गर्भाशयाचं तोंड पकडायचं. उजव्या हातानं खालच्या वाटेनं रेतनाची नळी सरकवायची. सर माझ्या हाताकडे बघून थांबले.

“ताई, ये चूडियाँ? हातमोजा फाटेगा. डाव्या हातातल्या काढा.”

माझ्या हिरव्या बांगड्या कासारानं दाबून भरलेल्या. साबण लावला, खोबरेल लावलं. सुनीता ओढत होती, मी ओरडत होते, बाहेर सर विचारत होते, “गाय कोनसी चिल्लाई?” शेवटी निघाल्या. उजवा हात सवाष्णीचा, डावा मोकळा, असे दोन वेगवेगळ्या बायकांचे हात घेऊन मी गायीसमोर उभी राहिले. खरं तर गायीमागे.

सरावाची गाय म्हातारी होती. तिचं नाव शांता. तिनं इतके विद्यार्थी बघितले होते की मी हात घातल्यावर तिनं फक्त सुस्कारा सोडला. आत गरम होतं, ओलं होतं आणि माझ्या अपेक्षेपेक्षा फार जवळचं वाटत होतं. कुणाच्या तरी पोटात हात घालून उभं राहिल्यावर त्या जीवाशी परकेपणानं वागताच येत नाही. मी नकळत तिच्या पाठीवर गाल टेकला.

“ताई, सोना नक्को,” सर म्हणाले. “ढूंढो. मुर्गी की गर्दन जैसा लगेगा.”

इथं माझं घोडं अडलं. आमचं घर माळकरी. कोंबडीची मान हाताला कशी लागते ते मला ठाऊकच नव्हतं. तरी पाच मिनिटांनी एक कडक गोळा सापडला आणि मी ओरडले, “सर, सापडलं!”

“बाहर लाओ.”

“बाहेर कसं येईल?”

“आएगा. वो शेण है.”

शांतानं ते लगेच सिद्ध केलं. माझ्या बुटात.

जेवताना पिठलं-भाकरी होती. सुनीतानं आपल्या डब्यातली भाजी माझ्या ताटात वाढली आणि एकदम थबकली. “ताई, कोंबडीची मान राहू द्या. शेवग्याची शेंग धरली ना कधी? जून झालेली, गाठी असलेली? तशीच लागती बघा.”

दुपारी पुन्हा हात घातला. शेणाच्या पलीकडे, जरा खाली, आतड्याच्या पडद्याआडून हाताला लागली: जून, गाठीगाठीची, शेवग्याची शेंग. सरांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. “मिली?” मी मान डोलावली. डोळ्यांत पाणी कशानं आलं ते सांगता येणार नाही. वास हे एक कारण होतंच. दुसरं म्हणजे लोटलेल्या दाराआड उभ्या असलेल्या आईला हे सांगावंसं वाटलं: अगं, एवढंच असतं. शेवग्याची शेंग.

दुसऱ्या दिवशी सरांनी नव्या मुलांना शिकवताना सांगितलं, “शेवगे की शेंग जैसा लगेगा.” सुनीतानं मला असा काही चिमटा काढला की वळ उठला.

पुढचे दिवस बारकाव्यांचे. नायट्रोजनमध्ये गोठवलेली वळूच्या वीर्याची कांडी कोमट पाण्यात धरायची, पुसायची, नळीत भरायची आणि लगेच वापरायची. एकदा वितळली की थांबता येत नाही. गाय सकाळी हंबरली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी हंबरली तर सकाळी. आणि शेपूट धरायला दुसरं माणूस हवंच. निघताना सरांनी बजावलं, “सिर्फ अपनी गाय. गावभर डॉक्टर बनके घूमना नक्को.”

घरी आल्यावर दोन गोष्टी माझ्यापाशी राहिल्या. एक म्हणजे खांद्याचं दुखणं. जायचं असेल तर मलम बरोबर ठेवा. दुसरी म्हणजे एक नवी सवय: बाजारात शेवगा घेताना मी डोळे मिटते. भाजीवाल्या मावशी काळजीनं बघतात.

काल सकाळी फोन वाजला.

“हरणीला बरं नाय,” आबा म्हणाले. मग थोडं थांबून, “डॉक्टरला लावला फोन. उद्या येतो म्हणला.”

“मी येते आबा.”

“पाऊसपाणी...”

“नाहीये पाऊस. मी येते.”

दिवस कलताना शेतावर पोचले. डेअरीतल्या माणसानं छोट्या नायट्रोजनच्या भांड्यात कांडी दिली होती, ती जपून उतरवली. आबांनी भांडं पाहिलं नाही. त्यांनी माझा मोकळा डावा हात पाहिला आणि मटकन बाजेवर बसले.

“जावई बरे हायेत ना?”

जावयांना फोन लावून त्यांचा आवाज ऐकवला, तेव्हा कुठे आबांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग मी बांगड्या का काढल्या ते सांगितलं. रंग पुन्हा गेला.

“तू करणार? ते?”

“हो. शिकून आले.”

त्यांनी हरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टोपी काढून पुन्हा घातली. मग उठले, घरात गेले आणि दार लोटून घेतलं.

हरणीला बाभळीच्या खोडाला आखूड बांधलं. तिनं वळून मला हुंगलं. पाणी कोमट केलं, हातमोजा चढवला, कांडी पाण्यात टाकली. आता थांबता येणार नव्हतं. हरणीनं शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर मारला, मग दुसरा. आतून खाकरण्याचा आवाज येत होता. आबा दाराला चिकटूनच उभे होते.

आबांची आयुष्यभराची ती लाज माझ्या एका हाकेनं मोडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी दारापाशी गेले.

“आबा, बाहेर या,” मी म्हणाले. “शेपूट धरा.”