पिशवी माझ्याकडेच होती

सहा वर्षे माझ्या कपाटात, साड्यांखालच्या कप्प्यात, एक निळी प्लास्टिकची पिशवी होती. ती माझ्याकडे पोळ्या आणि केरफरशी करणाऱ्या बाईची. बाई मूळची बंगालातल्या मालद्याकडची. मानपाड्याच्या मागे एका चाळीत नवऱ्यासह भाड्याने राहत असे. एका पावसाळ्यात तिच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरले, तेव्हा ती ही पिशवी पदराखाली धरून आली.

"दीदी, ये तुम्ही ठेवा. तुमच्या घरात पानी नाय येत."

आत तिचा जन्मदाखला, वडिलांच्या जमिनीचा कागद, शाळेचा दाखला आणि मतदार ओळखपत्र होते. मी निवृत्त ग्रंथपाल. दुसऱ्यांचे कागद नीट ठेवणे एवढीच माझी हुशारी. तिने ती ओळखली, याचा मला आनंद झाला होता.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत घुसखोरांचा विषय निघाला. सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाई मासे फार छान करतात म्हणे. इकडचे की तिकडचे?"

सगळे हसले. मीही हसले. देशाला सीमा असावी आणि ती राखली जावी, हे माझेही मत होते; आजही आहे. परंतु तिचे कागद मी स्वतः पाहिले आहेत, एवढे एक वाक्य मी त्या सभेत बोलू शकले असते. चारचौघांत उभे राहायचे म्हटले की माझे हात थंड पडतात. मी चहाचा कप उचलला आणि खाली पाहत राहिले.

त्यानंतर महिन्याभरात, एका सकाळी फोन वाजला. अनोळखी क्रमांक मी उचलत नसे. तीनदा वाजू दिला, चौथ्यांदा उचलला.

"दीदी, मी. चौकीत बसवलंय. आम्ही सात जणी आहोत. पिशवी आणा ना. साहेब बोलले, कागद दाखव आणि जा."

"अगं, तुझा नवरा कुठे आहे?"

"कर्जतला, स्लॅबच्या कामावर. फोन नाय लागत. दीदी, जल्दी या हां."

"आणते. घाबरू नकोस."

साडेदहा वाजले होते. चौकी रिक्षाने वीस मिनिटांवर.

पिशवी काढून मी टेबलावर ठेवली आणि मनात आले, नुसती पिशवी घेऊन कशी जाऊ? तुम्ही कोण, तुमचा संबंध काय, असे विचारतील आणि मला तोंडाने काही सांगता येणार नाही. तेव्हा रीतसर अर्ज लिहावा. मी लिहू लागले. 'सदर महिला माझ्या परिचयाची आहे' हे कोरडे वाटले. 'माझ्या घरातील आहे' यात अतिशयोक्ती वाटली. चौथ्या कागदावर 'गेली अकरा वर्षे मी तिला ओळखते' असे लिहिले आणि समाधान झाले. मग प्रतींचे दोन संच हवेत असे ठरवले. झेरॉक्सचे दुकान जेवणासाठी बंद झाले होते. मी पायरीवर थांबले. रिक्षा मिळाली ती शीळफाट्याच्या कोंडीत अडकली.

चौकीत पोहोचले तेव्हा पावणेचार झाले होते. हवालदाराने उठून मला खुर्ची दिली. अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"फार सुंदर लिहिलंय, मॅडम. पण त्यांना दोन वाजता गाडीत बसवून नेलं. कागद आणायला कोणीच आलं नाही ना."

"कुठे नेलं?"

"ते आम्हाला सांगत नाहीत, मॅडम."

बाकावर तिची स्टीलची बाटली होती. मी तिला दिलेली. झाकणावरचा पोचा मी ओळखला.

पुढे मी ठाणे शहरातल्या सरकारी कार्यालयांत गेले. सर्वांनी अर्ज ठेवून घेतला, त्याची पोचही दिली. दीड महिन्याने तिचा नवरा दारात उभा राहिला. पाणी दिले, ते त्याने उभ्यानेच प्यायले.

"बॉर्डर के उस पार छोड़ दिया, दीदी. किसी के मोबाइल से एक बार फोन आया."

"काय म्हणाली?"

"रो रही थी. बोली, गाडी में बिठाया तब भी गेट देख रही थी. बोली, दीदी निकली होगी, शीळफाटे पे ट्रैफिक होगा."

आता तो पिशवी घेऊन गावी जाणार होता. तिथल्या पंचायतीत कागद दाखवून तिला परत आणण्याची खटपट करणार होता. मी पिशवी दिली आणि तिच्यावर माझ्या अर्जाची एक प्रत ठेवली.

"हे काय?"

"अर्ज. मी लिहिलेला."

त्याने कागद उलटसुलट पाहिला. "मराठीत आहे. उधर कोण वाचणार, दीदी?" कागद त्याने अदबीने टेबलावर ठेवला, पिशवी शर्टाच्या आत घातली आणि तो जिना उतरला.

त्याला जाऊन आता पाच महिने झाले. त्याचाही फोन लागत नाही. अर्ज टेबलावरच आहे. त्यातले एखादे वाक्य मला अजून सुधारावेसे वाटते, आणि त्याची मला भीती वाटते.

अनोळखी क्रमांक आता मी पहिल्याच घंटीला उचलते. बहुधा कर्ज हवे का, असे विचारणारी एखादी मुलगी असते. कधी पलीकडून कोणीच बोलत नाही. तेव्हा मी फोन ठेवत नाही. दूर कुणाच्या तरी अंगणात कोंबडी ओरडल्यासारखे वाटते. "बोल गं," मी म्हणते, "मी ऐकतेय." मग फोन बंद होतो.