दोन कॅसेटींची एक

इतवारी बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या वर, अरुंद जिन्यानं चढून गेलं की आमचं व्हिडिओचं दुकान लागायचं. दुकान मालकाचं, मी पगारावर कॅमेरा चालवायचो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. लग्नात फोटोवाल्यासोबत व्हिडिओवालाही हवा, असं लोकांना नुकतंच वाटायला लागलं होतं.

एका सकाळी मी दुकान उघडायला गेलो, तर जिन्यात एक म्हातारेसे गृहस्थ बसले होते. कुहीकडचे शेतकरी, धान पिकवणारे. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी पिशवीतून दोन कॅसेट काढल्या तेव्हा ओळखलं, कारण त्यावरचं अक्षर माझं होतं. आदल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं. बौद्ध पद्धतीचं लग्न, नवरदेवाच्या वस्तीतच मांडव पडला होता. व्हिडिओची हौसही नवरदेवाकडच्यांचीच होती.

"पोरगी गेली," ते म्हणाले.

पहिल्याच बाळंतपणात गेली होती, बाळही वाचलं नव्हतं. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. पुढचं त्यांनी खाली पाहत सांगितलं. जावयाचं दुसरं लग्न ठरलं होतं. त्याच्या घरच्यांनी या कॅसेट चार दिवसांसाठी दिल्या होत्या. पाहून घ्या आणि परत आणा, नव्या लग्नाचं शूटिंग यांच्यावरच करायचं आहे, असं बजावून सांगितलं होतं. कोऱ्या कॅसेट महाग होत्या आणि जुन्यावर पुन्हा भरणं लोक सर्रास करत. म्हाताऱ्यांनी येताना एक कोरी कॅसेट विकत आणली होती. दोन्हीतलं सगळं तिच्यात भरून द्या, काहीच सोडू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

तशी सोय होती. मशीनचा वेग अर्धा केला की तेवढ्याच पट्टीवर दुप्पट मावायचं. पण चित्र फिकं पडायचं. मी तोंडानं समजावण्यापेक्षा थोडा तुकडा तसा भरून त्यांना टीव्हीवर दाखवला. ते पुढे सरकून काचेच्या अगदी जवळ गेले.

"हे त धुकं पडल्यावानी दिसून राहिलं," ते म्हणाले. "तिच्या मायले डोळ्यानं कमी दिसते, बाबू. पोरीचं तोंड तिले वळखू आलं पाह्यजे."

मग पूर्ण वेगानं भरायचं तर निम्मं गाळावं लागेल, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "जिथं पोरगी नाही, ते सोडून द्या."

मालकांनी त्या दुपारी दुसरं काम घेऊ नको म्हणून सांगितलं. मी दोन मशीन वायरीनं जोडली आणि आम्ही पहिल्यापासून पाहायला बसलो. मुलगी दिसली की ते हात वर करत आणि मी दुसरं मशीन चालू करी. ती गेली की हात खाली. पण हात बहुतेक वेळ खालीच राहिला. बँडवाले होते, नाचणारी पोरं होती, पंगतीत जेवणारे होते, आहेर घेऊन फोटोपुरते थांबणारे होते. लग्नाचं शूटिंग तसंच व्हायचं. ज्यांनी आम्हाला बोलावलं त्यांचे पाहुणे आधी. नवरी पांढऱ्या साडीत, मान खाली घालून एका बाजूला. वंदनेच्या वेळी डोळे मिटलेले. वरमाला घालताना मध्येच कोणाचा तरी फेटा आला होता.

तोवर तिचा आवाज कुठंच आला नव्हता. निरोपाच्या वेळी ती आईला काहीतरी बोलत होती, पण बँड इतका जोरात वाजत होता की फक्त ओठ हललेले दिसले. म्हाताऱ्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मी आवाज मोठा केला, तर बँडच मोठा झाला.

नंतर दुसऱ्या कॅसेटीत आदल्या रात्रीची हळद जोडलेली होती; तिथं हळदीच्या कपड्यांत बसलेली असताना तिनं सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, लाइट जरा बाजूले घ्या ना. डोळे दुखून राहिले." ती माझ्याशीच बोलली होती. लाइट हलला, ती जरा हसली आणि चित्र तुटलं. असा तुकडा आम्ही एरवी चुकीचा म्हणून काढून टाकत असू. म्हाताऱ्यांचा हात वर होता, तो त्यांनी चित्र तुटल्यावरही खाली घेतला नाही.

काम संपलं तेव्हा नव्या कॅसेटीत अर्धा तासही भरला नव्हता. त्यांची कोरी कॅसेट बहुतेक कोरीच राहिली. उरलेल्या जागेत मावतील तेवढे पाहुणे भरून देऊ का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. दोन्ही जुन्या कॅसेट त्यांनी फडक्यात बांधल्या आणि त्याच दिवशी परत नेऊन दिल्या. जावयाचं दुसरं लग्न आमच्याच दुकानाकडे आलं. मी जाणार नाही असं मालकांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही, दुसऱ्याला पाठवलं.

धान कापून झाल्यावर, कॅसेट घरी दाखवायला या, असा म्हाताऱ्यांचा निरोप आला. मी टीव्ही आणि मशीन घेऊन त्यांच्या गावी गेलो. आई खाटेवर नव्हे, टीव्हीसमोर जमिनीवर बसली, हातभर अंतरावर. शेजारच्या बाया मागे उभ्या होत्या. कॅसेट चालू झाल्यापासून तिनं कोणाकडे पाहिलं नाही. मुलीचा आवाज आला तेव्हा बाया रडायला लागल्या. आईनं त्यांना हातानंच गप्प केलं. चित्र संपून पडदा पांढरा झाला, तरी ती पाहतच राहिली.

"एवढीच का गा?" तिनं नवऱ्याला विचारलं.

मी म्हणालो, मावशी, बाकी सगळे लोकच होते.

तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मी लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा व्होल्टेज कमी झालं, चित्र आक्रसत गेलं आणि टीव्ही बंद पडला. बाया एकेक करून निघून गेल्या. ती उठली, हात धुतले आणि मला भात वाढला. मी जेवत असताना तिनं माझी आई आहे का, कुठं राहते, एवढं विचारलं. नंतर ती भिंतीला टेकून बसून राहिली आणि म्हातारे माझ्यासोबत टीव्ही उचलून एसटीच्या थांब्यापर्यंत आले.