बालाजीहून न आलेले पाच जण

जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही, ते आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढे फिरवाफिरवी करायला जागा राहणार नाही. करोनाच्या अगदी सुरुवातीला वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. तिथे मी पाच माणसांचे जबाब खोटे आहेत हे पक्कं माहीत असताना नोंदवून घेतले आणि खरं बोलणाऱ्या एका बाईला दम देऊन परत पाठवलं. गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही, त्यामुळे या प्रकरणाला नंबरही नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. महामार्गाला लागून असलेलं, कापसाच्या बाजाराचं गाव. हिंगणघाटहून फार लांब नाही.

मार्च महिना होता. टाळेबंदी अजून लागायची होती. सकाळची हजेरी झाली की मोबाइलवर वरून आदेश यायचे, आणि चहा होईपर्यंत ते बदलायचे. एकदा लग्नांवर लक्ष ठेवा, एकदा पानठेल्यांवर ठेवा. ठाण्याला सॅनिटायझरची एक बाटली मिळाली होती. ती कुणी नेऊ नये म्हणून ठाणे अंमलदाराने मुद्देमालाच्या खोलीत कुलूप लावून ठेवली. हात धुवायचे तर चावीसाठी अर्ज करावा लागेल, असं शिपाई म्हणायचे. हसत नव्हते.

त्यातला एक आदेश मात्र स्पष्ट होता. परदेशातून आलेला माणूस शोधायचा, त्याला दवाखान्यात दाखवायचं, हातावर शिक्का मारून घरी बसवायचं, आणि तो खरंच घरी आहे का हे आपण पाहायचं. आमच्या हद्दीत अशी एकच व्यक्ती होती. पस्तिशीची एक बाई, कुवेतला एका घरी आजारी म्हातारीची देखभाल करायला गेलेली. परत आल्या आल्या ती आपण होऊन ग्रामीण रुग्णालयात गेली आणि शिक्का मारून घेतला. म्हातारी आई आणि ती, दोघी एका भाड्याच्या घरात राहत.

तीच बाई एका सकाळी ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तोंडाला ओढणी, शिक्क्याचा हात वर धरलेला. आत यायला तयार नाही. शेवटी मीच बाहेर गेलो.

"साहेब, मले शिक्का मारला. त्याइले काऊन नाई मारला?"

"कोणाला?"

तिने गल्लीतल्या शेठचं नाव घेतलं. बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचा मोठा दुकानदार. त्याच्या घरापासून हिचं घर तिसरं. तो आणि आणखी चार कृषी केंद्रवाले नुकतेच तिरुपतीहून मुंडण करून आले होते आणि घरोघरी बालाजीचा प्रसाद वाटत होते, हे मलाही माहीत होतं. प्रसाद ठाण्यातही आला होता. मी खाल्लाही होता.

"बालाजी नाई, साहेब. बँकॉकच्या विमानातून उतरले. हैदराबादच्या विमानतळावर पट्ट्यावरून सामान घेऊन राह्यलो होतो सगळे, एकाच हॉलात. मी काका म्हणून हाक मारली तं काकानं तोंड फिरवलं. म्या म्हटलं गावचीच गाडी हाये, मागं बसून जाईन." तिने दुसरा हात डोक्यावरून फिरवला. "तवा सगळ्याइच्या डोक्याले केस होते."

मला तेव्हाच सगळं कळलं. ज्याला ही रीत ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. औषधाच्या कंपन्या दुकानदारांना स्कीम देतात. हंगामात अमुक इतका माल उचलला की परदेशाची सहल. ही सहल बहुतेक वेळा बँकॉक आणि पटायाची असते, आणि तिथे माणसं देवळं पाहायला जात नाहीत. गावात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. घरी सांगायचं कंपनीचं ट्रेनिंग आहे. पण त्या वर्षी टीव्हीवर रोज परदेशाचं नाव निघत होतं, ट्रेनिंगवर कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून यांनी देव काढला.

मी पाचही जणांना बोलावणं पाठवलं. शेठच्या घरी गेलेला शिपाई परत येऊन सांगत होता की शेठ मुकाट निघाले, पण शेठाणीने त्यालाच फैलावर घेतलं. "लग्नापासून मले रामटेकच्या पुढं नेलं नाई या माणसानं. आता एकटाच बालाजी करून आला, अन् तुम्ही त्याले ठाण्यात नेता? न्या. ठेवूनच घ्या."

त्यांना ठाण्याच्या आवारात चिंचेखाली लांब लांब बसवलं आणि एकेकाला विचारलं. नोकरीत मी एक शिकलो होतो. ठरवून खोटं बोलणारे लोक मोठ्या गोष्टींवर एक असतात, बारक्या गोष्टींवर फुटतात. दर्शन झालं, सगळे म्हणाले. केस कुठे दिले? एक म्हणाला नदीवर. एक म्हणाला गाभाऱ्यासमोर. तिसऱ्याने सांगितलं की खुर्चीत बसवून मशीनने काढले, वर डोक्याला मालिशही करून दिली. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्यालाही कळलं आपण काय बोललो ते.

"आदिलाबादच्या अलीकडं, साहेब," तो खाली बघत म्हणाला. "हायवेवर सलून आहे. शेठजीच म्हणाले, टकलं पाह्यलं की कोणी काई इचारत नाई."

लाडू हैदराबादच्या मिठाईवाल्याचे होते. परदेशातून आल्याचं लपवायला यांनी देवाचं नाव घेतलं, आणि देव खरा वाटावा म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन प्रत्येकाच्या हातावर स्वतःच्या हाताने लाडू ठेवला. म्हाताऱ्या माणसांच्या तर तोंडात भरवला. वीस-पंचवीस वर्षांत मी चोर पाहिले, ठग पाहिले, पण इतका मेहनतीने केलेला मूर्खपणा पाहिला नव्हता. आजही लिहिताना संताप येतो. साधं घरात बसले असते, प्रवासाने थकलो म्हणाले असते, तरी निभलं असतं.

इथपर्यंत मी नीट काम केलं. पुढचं सांगतो.

शेठला मी शेवटी आत घेतलं आणि जबाब लिहून घेणाऱ्या रायटरला बाहेर थांबायला सांगितलं. शेठने नाकारलं नाही. उलट हलका झाल्यासारखा बोलायला लागला. सहल पुढे ढकलायची का असं कंपनीने विचारलं होतं, पण हेच नको म्हणाले. कारण तिकडे सगळं स्वस्त झालं होतं. चिनी नाहीत, गोरे नाहीत, समुद्रकिनारा ओस, हॉटेलवाले अर्ध्या भावात खोल्या देत होते. बारच्या दारात मास्क लावलेल्या पोरी ओळीने बसलेल्या, आणि रस्त्यावर गिऱ्हाईक म्हणजे हेच पाच. "पार रस्त्यापावतर धावत येत होत्या साहेब, हात धरायले," तो म्हणाला. त्या का धावत होत्या हे त्याला कळलं नव्हतं. जगाची विमानं बंद पडत होती, त्या बायकांची चूल बंद पडत होती, आणि हा त्यात आपली चंगळ मोजत होता.

मी म्हणालो, शेठ, शिक्के मारावे लागतील, घरच्यांना सांगावं लागेल.

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग अगदी हळू, धमकी वाटू नये असं बोलला.

"साहेब, तुमच्या वेळेस म्या कोणाले काई सांगतलं का?"

हेच ते कुणाला न सांगितलेलं. त्याच्या दोन वर्षं आधी अशाच सहलीत एक जागा रिकामी होती आणि शेठने मला विचारलं होतं. पोलिसाला परदेशी जायला खात्याची परवानगी लागते. मी ती घेतली नाही. रजेच्या अर्जात शेतीचं काम लिहिलं. घरी बंदोबस्त सांगितला. आणि तिथे जाऊन मी तेच केलं जे बाकीच्यांनी केलं. जिच्याकडे गेलो तिच्या चेहऱ्याबद्दल काही लिहावं इतकाही मी तिच्याकडे पाहिलेलं नाही. मी, ज्याने पिटाच्या, म्हणजे वेश्याव्यवसायविरोधी कायद्याच्या, छाप्यांत गिऱ्हाइकांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं आणि वर विचारलं होतं, घरी बहीण नाही का रे?

मी रायटरला आत बोलावलं. म्हणालो, लिही. सदर इसम हे देवदर्शनासाठी तिरुपती येथे गेले होते. रायटर जुना माणूस. आदिलाबादचं सलून त्याने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं. त्याने पेन उचललं नाही.

"तिरुपती लिहू, साहेब?"

"ऐकू येत नाही का?"

त्याने लिहिलं. पाच वेळा लिहिलं. नंतर माझ्याशी तो कामापुरतंच बोलत राहिला.

बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाशी आली. काय झालं विचारायला. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. शिक्का असताना बाहेर फिरतेस, कलम एकशे अठ्ठ्याऐंशी लावून आत टाकीन, सज्जन माणसांची बदनामी करतेस. तिने शिक्क्याचा हात खाली घेतला. "बरं साहेब," म्हणाली आणि रस्त्याच्या कडेकडेने, माणसं टाळत, निघून गेली.

आठवडा उलटला असेल. त्या गल्लीत ताप सुरू झाला. शेठच्या घरी आधी, मग शेजारी, मग समोर. खोकला, अंगदुखी, एका म्हाताऱ्याला धाप. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मला फोन केला. त्या दिवसांत घशातला नमुना घ्यायचा तर परदेश प्रवासाचा किंवा तशा माणसाशी संपर्क आल्याचा इतिहास लागायचा. त्यांनी सरळ विचारलं, या गल्लीत त्या बाईशिवाय परदेशातून आलेलं आणखी कुणी आहे का?

मी म्हणालो, नाही.

खोटा जबाब मी दुसऱ्याच्या तोंडून लिहिला होता. हे मात्र माझ्या तोंडचं.

मग सगळं बाईकडेच वळलं. तिचा नमुना घेतला, त्यात काही निघालं नाही. ती तर आल्यापासून कुणाच्या उंबऱ्यावरही गेली नव्हती. पण दवाखान्याचं कोण ऐकतो? पाच टकली माणसं प्रसाद वाटून गेली ती गल्लीच्या लेखी पुण्यवान, आणि कुवेतला म्हातारीचं हगणं-मुतणं काढून आलेली बाई ती तसली. एकटी बाई परदेशात काय करते, हे ज्यांनी पटायाला जाऊन पाहिलं होतं तेच मोठ्याने विचारत होते. दाराला शेण फासलं. नळावर पाणी भरू देईनात. घरमालकाने सामान ओट्यावर काढलं. मी गाडी घेऊन गेलो, जमाव पांगवला आणि बाईलाच समजावलं की तुम्ही काही दिवस दुसरीकडे गेलात तर शांतता राहील. पोलिसाला शांतता हा शब्द फार सोयीचा असतो.

मायलेकी नाचणगावला मामाकडे गेल्या. शेठ गर्दीत मागे उभा होता. डोक्यावर रुमाल बांधलेला.

म्हातारा वाचला. त्या गल्लीतला ताप करोना होता की साधा, हे कधीच कळलं नाही, कारण कळण्याची वाट मीच बंद केली होती. मी पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना प्रकृतीचं कारण सांगितलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. आजार विमानातून येतो हे खरं, पण तो गावात पसरतो तो माणसं ज्या वाटा लपवतात त्या वाटांनी. आणि लपवणाऱ्यांची साखळी असते. बायकोला घाबरणारा दुकानदार, दुकानदाराला घाबरणारा ठाणेदार. या साखळीत ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं, तो एकटा पडतो आणि त्याच्याच दारावर शेण बसतं. विमानं पुन्हा सुरू झाली, सहलीही सुरू झाल्या. पुढच्या स्कीमचे बॅनर मी स्वतः पाहिलेत.

गेल्या हिवाळ्यात काही कामाने आमच्याच जिल्ह्यातल्या तळेगावला गेलो होतो. बाजाराच्या तोंडाशी एक लहानशी खानावळ आहे, तिथे जेवायला बसलो. वाढायला आली ती तीच, कुवेतहून आलेली बाई; मामाकडून मायलेकी आता इथे आल्या होत्या. मला ओळखून तिने हातातली भाकर ताटात ठेवली, पाणी ठेवलं. गिऱ्हाईक कमी होतं. ती समोर उभी राहिली.

"माय अजून म्हणते, आपल्या घरी जाऊ. सांगतलं, तिथं आपल्याले कोणी घेत नाई. तं म्हणते, काऊन? आपण काय केलं?" तिने पदराला हात पुसले. "साहेब, मी तुमच्यापाशी खरं बोलली होती का खोटं? माय विचारते म्हणून विचारलं."

मी म्हणालो, "जुनं झालं ते आता, बाई."

ती "जेवा" म्हणाली आणि आत गेली.

हे लिहून मी मोकळा झालो असं मला वाटत नाही. नावं न घेता लिहिलं आहे, म्हणजे अजूनही मी झाकतोच आहे. तिची म्हातारी आई अजून जिवंत आहे. त्या गल्लीत, दिवसाउजेडी, शेठच्या आणि त्या सगळ्या शेजाऱ्यांच्या समोर उभं राहून, ही बाई खरं बोलली होती आणि खोटं मी लिहिलं होतं, हे माझ्या नावानिशी सांगणं मी त्या मायलेकींचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.