धडधाकट तात्या

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी एकसष्ट वर्षांचा, चुलतभाऊ तात्या माझ्याहून मोठा. तो गेल्याचं सांगायला त्याचा थोरला वसंता भोईवाड्यात माझ्या खोलीवर आला, तेव्हाही तेच... "काका, बाबा तसे धडधाकट होते हो." मी दुसरीत शाळा सोडली. मेलेल्याला धडधाकट म्हणायला जास्त शिकावं लागत असेल.

तात्याला अंतर्गळ, जांघेत आतडं उतरलेलं. वर्षभर लंगोट आवळून हिंडला, सोसेना तेव्हा तात्या, वसंता नि मी परळला इस्पितळात गेलो. डॉक्टर तरणा होता. त्याने अंतर्गळ पाहिला नि म्हणाला, हात न टेकता खुर्चीवरून उठा. तात्या उठला, पण माझा खांदा धरून. मग डॉक्टर जेवण किती जातं, सदरे सैल झाले का, जिन्यात थांबता का, असलं विचारत बसला. वसंता फुगला. म्हणाला, आमचे बाबा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लालबागहून फोर्टापर्यंत चालले, त्यांना जिना काय विचारता. त्या मोर्चात तात्याचा एक दंड मी धरला होता, दुसरा ह्याच वसंताने. गर्दीच पुढे नेत होती, तात्याचे पाय नुसते जमिनीला लागत होते. मी तसं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाला, "दोन महिने खाऊ घाला, रोज चालवा, मग कापू. आत्ता टेबलावर घेतलं तर उठायचे नाहीत."

बाहेर आल्यावर वसंता मला म्हणतो, "काका, चारचौघांत बाबांची अब्रू काढलीत." आणि तात्या? सरळ उभं राहवत नव्हतं, पण मिशीला पीळ देत म्हणाला, "मला म्हातारा म्हणतो रे तो पोरगा."

आमची चाळही तसलीच. जो तो तात्याचा दंड चाचपून वा वा करी. दंडात होतं काय, कातडं. शेवटी वसंताने गिरगावात एक खाजगी डॉक्टर गाठला. त्याने नाडी धरली, छातीला नळी लावली, अजून कुस्ती खेळाल म्हणाला, नि त्याच आठवड्यात कापलं. जखम छान भरत होती म्हणे. तात्या मात्र खाटेवरून उठलाच नाही, छातीत कफ भरला... गेला.

तेराव्याला पंगतीत पुन्हा कुणीतरी म्हणालं, वाघ होता. मी म्हटलं, वाघाला दोन घास भात जात नव्हता. कुणी माझ्याकडे बघेना. तिकडे बायकांनी आमच्या हिला घेरलं होतं. हिच्या पोटात गाठ, ऑपरेशन ठरलेलं. त्या सांगत होत्या, घाबरता कशाला, तुम्ही तर अजून नळावरून हंडे आणता. ही नुसती हसत होती.

हंडे वर्षभर मी आणतोय, चाळ उठायच्या आत, कुणी बघू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिला घेऊन परळला त्याच तरण्या डॉक्टरकडे गेलो, नि त्याने काही विचारायच्या आधीच सांगितलं, "घरात पाणी मी भरतो."