तिसरी हाक

आमच्या घरात अंधार पडल्यावर पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसरीलाही नाही. आईनं हा नियम लातूरकडून येताना सोबत आणला. अंधारात मागून हाक आली तर वळायचं नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो, दुसरं काही असेल तर दोनदाच मारून थांबतं. आता पुण्याजवळ रहाटणीत, चौथ्या मजल्यावर, खाली वडापावची गाडी पेटलेली असताना कसली आलीय हडळ? पण सांगून बघा तिला. मी आणि माझा धाकटा भाऊ लहानपणी तोंडावर हात दाबून दोन हाका काढायचो आणि तिसरीला एकदम ‘ओ’ म्हणून किंचाळायचो.

मागच्या वर्षी तो तिसऱ्या हाकेलाही वळेनासा झाला.

तो चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे. मशीनखाली पत्रा जातो, धाडकन आवाज होतो आणि पत्र्याचं गाडीचं दार होऊन बाहेर येतं. तिथं सगळे हातवाऱ्यांनी बोलतात नाहीतर ओरडतात. त्यामुळं घरीही तो ओरडूनच बोलायचा आणि आम्ही ‘आला बघा कंपनीचा भोंगा’ म्हणून चिडवायचो. मग त्याचं बोलणंच आटलं. टीव्हीचा आवाज पार बंद करून नुसता बघत बसायचा. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते, घरात सगळं शांत, तर हा ओट्याशी येऊन म्हणाला, “आक्का, कोण गाणं म्हणायलंय?”

“कुणी नाही.”

“म्हणायलंय की. हळूच.”

आणि त्या नसलेल्या गाण्यावर मान डोलवत उभा राहिला. भाकरी करपली ती करपलीच.

आईचं निदान तयार होतं. “लेकराला बाहेरचं लागलंय गं. हाक मारली तर बघंना, बोललं तर बोलंना.” तिनं मीठ-मोहऱ्या उतरवायचा सपाटा लावला. मोहऱ्या तडतडल्या की ‘बघ केवढी दृष्ट’ म्हणायची, नाही तडतडल्या की आणखीच घाबरायची. आणि हा बाप्या तिच्यापुढं मुकाट मान खाली घालून बसायचा. इतकं शहाण्यासारखं तो जन्मात कधी वागला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

माझी भीती आईहून वेगळी होती. त्यानं वस्तू वाटायला सुरुवात केली होती. गिटार शेजारच्या मुलीला देऊन टाकली. मग एक दिवस त्याचे इअरफोन आणि गाण्यांचं मेमरी कार्ड माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ बंद केली. “तुझ्याकडं राहू दे. मला आता लागत न्हाईत.” जगायचा कंटाळा आलेली माणसं जायच्या आधी अशी निरवानिरव करतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. विचारलं तर नुसता हसला. मी तळवड्याला एका कंपनीत दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्या माणसांच्या तक्रारी ऐकते, आणि घरातलं माणूस मला दोन शब्द सांगेना. असा संताप यायचा ना!

त्यातच एक दिवस तो म्हणाला, “आपला माणूस मोशीला येणाराय. जाऊ. याच वर्षी.”

आपला माणूस म्हणजे आमचा गायक. केस पाठीवर, गळा फाटकाच, पण काय फाटका! शाळेत असताना घरात एकच मोबाइल होता. इअरफोनचं एक टोक माझ्या कानात, दुसरं याच्या कानात, अशी आम्ही त्याची सगळी गाणी पाठ केली. त्याचं एक संथ गाणं, नुसती गिटार आणि आवाज, ते आमचं दोघांचं. कुणीही मान हलवली की दुसऱ्याच्या कानातून टोक निघायचं आणि भांडण व्हायचं. त्याला समोर बघायचं ठरवून आमची इतकी वर्षं गेली होती. आणि आता म्हणे, याच वर्षी. ‘याच’ का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी त्याच्याच गाडीवर निघालो. भोसरी ओलांडून नाशिक रस्त्याला लागलो तर मागून नव्या गाड्या लादलेला ट्रेलर आला आणि हॉर्न देऊ लागला. थांबेचना. मी याच्या पाठीवर धपाटे घालतेय, “अरे बाजूला घे, मेल्या!” आणि हा रस्त्याच्या मधोमध, शांत, एका लयीत. ट्रेलरच्या दिव्यांनी आमची सावली पुढं लांबच लांब पडली. मग तो ड्रायव्हरच शिव्या देत बाजूनं निघून गेला, तेव्हा कुठं यानं दचकून गाडी कडेला घेतली. मी मनाशी पक्कं केलं, आज याचा शर्ट हातातून सोडायचा नाही.

खरंच सोडला नाही. मैदानावर हा मला ओढत पार पुढं घेऊन गेला, स्पीकरच्या पुढ्यात, जिथं लोक कानात बोटं घालून मागं सरकत होते. त्यानं लोखंडी कठड्यावर दोन्ही तळवे पालथे ठेवले. मी त्याच्या मागं, शर्टाची चुणी मुठीत धरून. गायक आला, ड्रम सुरू झाले, सगळं मैदान उड्या मारू लागलं. आमचा माणूस समोर, हाताच्या अंतरावर म्हणा ना, आणि मी मात्र भावाच्या मानेकडं बघत बसले होते. असला कार्यक्रम वैऱ्यावर येऊ नये.

शेवटाकडं दिवे मंद झाले. ते संथ गाणं सुरू झालं. भावानं कठड्यावरचे हात काढले, डोळे मिटले आणि गाऊ लागला.

पहिलं कडवं झालं आणि आवाज गेला. काय बिघडलं कोण जाणे, सगळे स्पीकर एकदम मुके झाले. दिवे तसेच. गायकाचे ओठ थोडे हलले, मग त्यानं माइकवर टिचकी मारली आणि आमच्याकडं पाठ करून तारा तपासणाऱ्यांकडं गेला. लोकांनी ओरडून घेतलं, शिट्ट्या मारल्या.

माझा भाऊ गातच होता.

डोळे मिटून, कंपनीच्या त्या मोठ्या आवाजात, अगदी लयीत, जिथं गिटार वाजायला हवी तिथं थांबून, परत शब्द उचलून. सूर मात्र हळूहळू घसरत चालला होता आणि त्याला पत्ता नव्हता. आजूबाजूचे आधी हसले. मग हसायचे थांबले. शांतता मागं मागं पसरत गेली आणि एवढ्या माणसांत तो एकच आवाज उरला. एकानं मोबाइल वर केला. मी असं बघितलं त्याच्याकडं की त्यानं गुमान खाली घेतला.

“भावड्या,” मी म्हटलं. मग मोठ्यानं, “भावड्या!” आणि मग कळ आल्यासारखी ओरडले, “भावड्या रे!”

सगळे वळले. तो वळला नाही.

आणि मला कळलं. ट्रेलर, मुका टीव्ही, गिटार, सगळं. आधी तर हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. हा मरणार नव्हता. मग ‘याच वर्षी’चा अर्थ डोक्यात शिरला आणि रडू फुटलं. मी शर्ट सोडला आणि त्याला गाणं पूर्ण करू दिलं.

ते संपलं, थोड्या वेळानं ड्रम धडाडले, त्याच्या पोटाशी टेकलेला कठडा हादरला, तेव्हा त्यानं डोळे उघडले. गायक दुसरंच गाणं म्हणत होता. आमचं संथ गाणं त्यानं परत घेतलंच नाही.

“आपलं म्हटलं की गं त्यानं!” भाऊ माझ्या तोंडाकडं बघत ओरडला. “आज त्याचा आवाज कसला स्वच्छ आला. मधी तर कानात बसून म्हणाल्यावानी.”

मी ओठ मोठे करून म्हटलं, “हो.”

पार्किंगमध्ये मी हात पुढं केला. “चावी दे.” एरवी गाडीच्या चावीवरून केवढं महाभारत! आज त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि मुकाट चावी दिली. मागं बसल्यावर त्यानं बोलायला सुरुवात केली. कानात आधी शिट्टी वाजायची. मग रात्री तीच शिट्टी गाणं होऊन यायची, आपल्याच माणसाच्या आवाजात. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही, राहिलेलंही जाईल. मी एका शब्दानं उत्तर देऊ शकत नव्हते. माझं तोंड पुढं होतं. मागून हॉर्न आला की मी बाजूला घेत होते आणि रडत होते. तो बोलत राहिला.

“आईला तू सांग,” शेवटी म्हणाला. “मला न्हाई जमायचं.”

आमच्या गल्लीतली वीज गेली होती. चौथ्या मजल्यावरच्या अंधारात आई उभी होती, मुठीत मीठ-मोहऱ्या असणारच. आम्ही गाडीवरून उतरलो आणि तिनं वरून हाक मारली, “लेकरा...” तो गाडीचं कुलूप बघत होता. “लेकरा!” त्यानं मान वर केली नाही. मी त्याचा हात धरला. आई थांबली, आणि मग घाबऱ्या आवाजात तिनं परत हाक मारली.

मी ओ दिली.