बाबांनी मोजलेले पंधरा तास

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहून राहिले.

माझा भाऊ चार वर्षांनी टोरंटोहून नागपूरला येणार होता. काल त्याने बाबांना एकच शब्द पाठवला, ‘निघालो.’ बाबांनी मोबाईलवर शोधलं. टोरंटो ते नागपूर, विमानाने पंधरा तास, असं एका साईटवर ठळक लिहिलेलं. असं थेट विमानच नाही, हे मात्र कुठेच नाही!

बाबांनी बोटांवर तास मोजले आणि आज सकाळी सातला पाटवड्यांचा डबा घेऊन विमानतळ गाठलं. कोणाला सांगितलंही नाही.

दुपारी एकला मला सक्करदऱ्याला, माझ्या घरी, त्यांचा फोन आला. आवाज पार बसलेला. “बाई, टीव्हीवर विमानाचं काही दाखवून राहिले काय वं? त्याचा फोन बंद आहे.”

सत्तरीतला माणूस बाहेरच्या बाकावर सहा तास ही भीती मनात धरून बसला होता!

मी धावत गेले. संध्याकाळी भाऊ मजेत बाहेर आला. म्हणे, “दिल्लीत आठ तास थांबायचं होतं, सांगायचं राहून गेलं. तिकडचं सिम इथं चालत नाही.”

मी भांडायला तोंड उघडलं, तर बाबा म्हणाले, “राहू दे वं, आला ना तो.” मग डबा त्याच्या हातात देत हळूच म्हणाले, “परत जाताना कुठं किती थांबशील, ते आजच कागदावर लिहून दे मले.”

परदेशातल्या लेकरांनो, ‘निघालो’ लिहिता, त्यापुढे ‘घरी कधी पोचतो’ एवढं लिहायला किती तास लागतात हो?