रामाजींचा चेंडू आणि जावयाचा कूलर

रामाजी थूल यांच्याशी माझी ओळख झाली ती त्यांनी माझे हात हुंगल्यामुळे. नालवाडीत नवीन राहायला आलो होतो आणि शिडी मागायला त्यांच्या दारात गेलो होतो. त्यांनी मला उंबऱ्यावरच थोपवलं, हात धुवायला लावले, पंच्याने पुसायला लावले, मग हुंगले. संसदेत शिरणं याहून सोपं असावं. वर म्हणाले, "शिंकाचं असन तर बाहेरच शिंकून घ्या, भाऊ."

हा सगळा बंदोबस्त एका पांढऱ्या हॉकीच्या चेंडूसाठी होता. रामाजी आर्वी डेपोत ड्रायव्हर असताना भारताच्या एका गोलरक्षकाने वर्धा स्टेशनवर, गाडीच्या खिडकीतून हात काढून, त्यावर सही करून दिली होती. निवृत्तीनंतर रामाजींनी घड्याळ विकलं असतं, दात विकले असते, चेंडू नाही. पण कूलरच्या ओलाव्याने सहीचं शेवटचं अक्षर फुटायला लागलं. तेव्हापासून त्या घरात कूलर बंद. वर्ध्यात, मे महिन्यात!

त्यांच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, ते सोसलं. मग मुलीचं, सरिताचं, लग्न झालं आणि जावई, अनुप, पहिल्यांदा मुक्कामी यायचा झाला.

"जावई भाजून निंगाला तरी चालन, पन चेंडूले घाम नाई आला पायजे, असं व्याह्याले सांगू का?" त्यांनी विचारलं आणि कूलरमध्ये पाणी ओतलं.

घर दोन खोल्यांचं. ओलावा जाणार नाही अशी जागा कुठे? जावई अंघोळीला गेल्याबरोबर रामाजींनी मला खुणेने आत बोलावलं, गव्हाच्या कोठीचं झाकण काढलं आणि चेंडू कोपरापर्यंत खाली खुपसला.

"याच्याहून कोरडी जागा साऱ्या जिल्ह्यात नाई," ते हात चोळत म्हणाले. हात चिकट लागत होते. तो घाम असावा, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

मलाही पंगतीला बसवलं होतं. आमरस, पोळ्या, कूलरचा गार झोत. रामाजी कधी नव्हे ते हसत होते.

"पोळी चांगली झाली, मामी," अनुप म्हणाला.

"नवा गहू हाय. तुमच्यासाठी थोडा बाजूले काढला, बाकी सारा काल एरंडेल चोळून कोठीत भरला."

रामाजींचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोठीकडे पाहिलं. तेल शाईचं काय करतं, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. पण पहिल्यांदा आलेला जावई जेवत असताना सासऱ्याने पाटावरून उठायचं कसं?

"घ्या न जावई, लाजता काऊन?" पंचफुलाबाई वाढत होत्या.

अनुप लाजत नव्हता. तो पोळीचे नखाएवढे तुकडे करी, रसात बुडवी, वर धरून निथळू देई आणि मग चावे. मी मनातल्या मनात त्याला ढकलत होतो.

"पोट भरलं असन," रामाजी कोठीकडे बघत म्हणाले.

"नाई मामाजी, अजून एक चालन."

ती एक झाली, वर भात झाला, भातावर पुन्हा रस झाला. रामाजींच्या कपाळावर कूलरसमोर घाम आला होता. अनुपने ताटावर हात धुतला आणि रामाजी उष्ट्या हाताने कोठीकडे धावले. दोन्ही हातांनी गहू उपसला, चेंडू वर काढला, खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला.

सही गेली होती. गव्हाला त्या वर्षी कीड लागली नाही.